माळ्यावरील कोरडी नळी : अमेरिकन घरांतील मलजल-वायुवीजन आणि प्लास्टिक नळांचा इतिहास

प्रस्तावना

नागरी स्वच्छतेचा इतिहास लिहिताना अभ्यासकांचे लक्ष बहुधा पाण्याकडे जाते. धरणे, जलवाहिन्या, भुयारी गटारे, शुद्धीकरण केंद्रे यांच्या नोंदी शासकीय दफ्तरात असतात, त्यांच्या उद्घाटनाचे समारंभ होतात आणि त्यांच्या शिल्पकारांचे पुतळे उभे राहतात. घराच्या आत, भिंतीत व छपराखाली जी नळयोजना असते तिच्या वाट्याला असे भाग्य येत नाही. प्रस्तुत निबंधाचा विषय या दुर्लक्षित नळयोजनेतील एक अंग आहे. अमेरिकेतील सर्वसाधारण लाकडी घराच्या माळ्यावर, म्हणजे उतरते छप्पर आणि वरच्या खोल्यांची तक्तपोशी यांच्यामधील पोकळीत डोकावले असता, उष्णतारोधक कापसासारख्या थरातून वर आलेल्या पांढऱ्या किंवा काळ्या प्लास्टिकच्या नळ्या दिसतात. त्यांपैकी काही आडव्या जाऊन एकमेकींना मिळतात आणि अखेर एक नळी छप्पर भेदून आकाशाकडे उघडी राहते. या नळ्यांतून पाणी वाहत नाही. त्या सांडपाण्याच्या योजनेचा भाग असूनही कोरड्या असतात.

जिच्यातून काहीच वाहत नाही अशी नळी प्रत्येक घरात कायद्याने का बसवावी लागते, हा या निबंधाचा मूळ प्रश्न आहे. ती शिसे व बीड सोडून प्लास्टिकची कशी झाली आणि या बदलाची किंमत कोणी मोजली, हा त्याला जोडून येणारा दुसरा प्रश्न. या दोन प्रश्नांच्या अनुषंगाने असे मांडावयाचे आहे की, घरगुती स्वच्छतेचा इतिहास हा पाण्याइतकाच हवेचाही इतिहास आहे. आणि त्यातील एक अत्यंत उपयुक्त साधन एका चुकीच्या वैद्यकीय सिद्धान्ताच्या प्रभावाखाली घरोघर पोहोचले. सिद्धान्त कोसळला, साधन मात्र टिकले. ते का टिकले हे समजून घेणे इतिहासाच्या अभ्यासकाला उद्बोधक ठरावे.

कोरड्या नळीचे कार्य

ऐतिहासिक विवेचनापूर्वी या नळीचे कार्य थोडक्यात पाहणे आवश्यक आहे. बेसिन, न्हाणी, शौचकूप अशा प्रत्येक ठिकाणी निचऱ्याच्या नळाला एक वळण दिलेले असते. या वळणात थोडे पाणी कायम साचून राहते. यालाच आपण ट्रॅप म्हणतो. साचलेले पाणी गटारातील वायू आणि घरातील हवा यांच्यामध्ये दाराचे काम करते. सांडपाणी या दारातून पलीकडे जाऊ शकते, पण वायू अलीकडे येऊ शकत नाही. अमेरिकन नियमांनुसार या पाण्याची खोली किमान दोन इंच, म्हणजे सुमारे ५० मिलिमीटर असावी लागते. घर आणि गटार यांच्यामध्ये केवळ पाच सेंटिमीटर पाण्याची भिंत असते, ही गोष्ट लक्षात घेतली की पुढील सर्व इतिहासाचे मर्म कळते.

ही भिंत दोन प्रकारे ढासळते. भरलेला निचरा वेगाने खाली गेला की त्याच्या मागे हवेचा दाब कमी होतो आणि वक्रनलिकेच्या तत्त्वाने ट्रॅपमधील पाणीही ओढले जाते. उलटपक्षी, वरच्या मजल्यावरून उभ्या नळातून पाण्याचा लोट आला की त्याच्यापुढील हवा दाबली जाते आणि ती खालच्या मजल्यावरील ट्रॅपचे पाणी उसळवून खोलीत शिरू पाहते. या दोन्हींवर उपाय एकच. निचऱ्याच्या नळाला बाहेरच्या हवेशी सतत जोडून ठेवणे. दाब कमी झाला तर बाहेरची हवा आत यावी आणि वाढला तर आतली हवा छपरावरून निघून जावी. व्हेंट पाईपचे कार्य एवढेच आहे. योजनेतील दाब बाहेरच्या दाबापेक्षा एक इंच पाण्याच्या उंचीहून अधिक बदलू नये, म्हणजे दोन इंचांची भिंत सुरक्षित राहते, असा हिशेब आधुनिक नियमांच्या मुळाशी आहे.

माळ्यावरील नळ्यांची मांडणीही याच हिशेबाने ठरते. एखाद्या बेसिनची वायुनळी दुसऱ्या वायुनळीला आडवी जोडावयाची असल्यास तो जोड बेसिनच्या काठापेक्षा किमान सहा इंच वर असावा लागतो. अन्यथा निचरा तुंबल्यावर सांडपाणी कोरड्या नळीत शिरून तिला बुजवू शकते. आडव्या नळीला निचऱ्याच्या दिशेने उतार द्यावा लागतो, कारण घरातील उबदार व दमट हवा नळीत थंड होऊन तिच्या आत पाणी धरते आणि ते परत खाली गेले पाहिजे. नळी माळ्यातच उघडी सोडण्यास मनाई असते. तशी ती सोडल्यास दुर्गंधीयुक्त दमट हवा छपराच्या लाकडाला बुरशी आणते व अखेर घरातच उतरते. म्हणून माळा हा या नळीच्या वाटेवरील टप्पा आहे, तिचा शेवट नव्हे.

दूषित हवेची भीती

ट्रॅपचा इतिहास व्हेंट पाईपपेक्षा जुना आहे. लंडनमधील घड्याळजी अलेक्झांडर कमिंग याने १७७५ साली शौचकूपाचे जे पेटंट घेतले त्यात इंग्रजी एस अक्षरासारखे वळण असलेला नळ होता. तथापि अशा शौचकूपांचा प्रसार झाला तो पुढील शतकात, आणि त्याला चालना देणारी शक्ती भीतीची होती. रोग हे कुजक्या पदार्थांतून उठणाऱ्या दूषित वाफेमुळे होतात, असा त्या काळच्या वैद्यकाचा समज होता. ब्रिटनमधील श्रमिक वस्त्यांच्या आरोग्याविषयी १८४२ साली अहवाल सादर करणारा एडविन चॅडविक हा या मताचा कट्टर पुरस्कर्ता होता. दुर्गंध हाच रोग, इतक्या टोकाला हा विचार गेला होता. जॉन स्नो याने १८५४ मध्ये लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवरील पंपाचा दाखला देऊन कॉलरा पाण्यातून पसरतो असे दाखवले, परंतु बहुसंख्य अधिकाऱ्यांना ते पटले नाही. १८५८ च्या उन्हाळ्यात टेम्स नदीची दुर्गंधी संसदेला असह्य झाली आणि जोसेफ बाझलजेटच्या भुयारी गटारांच्या योजनेला मंजुरी मिळाली. या निर्णयामागेही दूषित हवेचेच भय होते.

गटारे झाली, घरे त्यांना जोडली गेली आणि एक नवी भीती जन्मास आली. ज्या नळाने घरातील मैला गटारात जातो त्याच नळाने गटारातील वायू घरात येत असला तर? १८७१ च्या अखेरीस इंग्लंडचा युवराज एडवर्ड विषमज्वराने मरणोन्मुख झाला. स्कारबरो येथील ज्या निवासस्थानी तो पाहुणा म्हणून राहिला होता तेथील सदोष निचऱ्याकडे बोट दाखवले गेले. तेथेच पाहुणा असलेला अर्ल ऑफ चेस्टरफील्ड आणि युवराजाचा एक सेवक याच आजाराने दगावले होते. दहा वर्षांपूर्वी, १८६१ मध्ये, युवराजाचे वडील प्रिन्स अल्बर्ट यांच्या मृत्यूचे कारण विषमज्वर असेच नोंदवण्यात आले होते. गटारवायू गरिबांच्या वस्तीतच नव्हे तर राजवाड्यातही शिरतो, ही जाणीव मध्यमवर्गाला हादरवून गेली. लीड्स येथील शल्यचिकित्सक टी. प्रिजिन टील याने १८७८ साली घरगुती नळयोजनेतील दोष चित्रांच्या साहाय्याने दाखवणारे पुस्तक प्रसिद्ध केले. त्याच सुमारास लंडनमधील प्लंबर एस. स्टीव्हन्स हेलियर याने आपल्या धंद्यातील लोकांसाठी आरोग्यदायी घरांवर ग्रंथ लिहिला. ट्रॅपमधील पाणी ओढले जाते आणि त्याला हवा पुरवली तर ते टिकते, हे कारागिरांना अनुभवातून कळू लागले होते. आता त्या अनुभवाला वैद्यकाचा आधार मिळाला.

अमेरिकेतील स्वीकार

अमेरिकन शहरांत पाणी आधी आले आणि निचरा नंतर. न्यूयॉर्कला क्रोटन जलवाहिनीचे पाणी १८४२ मध्ये मिळाले. पाणी मुबलक झाल्यावर शौचकूप आले, ते जुन्या शोषखड्ड्यांना जोडले गेले आणि घरांचे तळघर दलदल बनले. यादवी युद्धानंतरच्या काळात हा प्रश्न ऐरणीवर आणण्याचे मोठे श्रेय जॉर्ज वेअरिंग या अभियंत्याकडे जाते. १८७५ मध्ये त्याने घरे व शहरे यांच्या निचऱ्यावर लेखन करून गटारवायूचा धोका सामान्य वाचकांपर्यंत नेला. १८७८ मध्ये मेम्फिस शहरात पीतज्वराने पाच हजारांहून अधिक बळी घेतले. त्यानंतर १८८० साली वेअरिंगने तेथे लहान व्यासाच्या मातीच्या नळांची, केवळ सांडपाण्यासाठीची स्वतंत्र गटारयोजना उभारली. तीत प्रत्येक घराचा मुख्य उभा नळ छपराच्या वर उघडा नेण्याची अट होती, म्हणजे गटाराचा श्वास घरांच्या छपरांवरून चालावा.

वेअरिंगच्या जीवनाचा शेवट या इतिहासातील एक विलक्षण विरोधाभास आहे. १८९८ मध्ये तो हवाना शहराच्या स्वच्छतेची पाहणी करण्यास गेला, तेथे त्याला पीतज्वर जडला आणि परतल्यावर त्यातच त्याचा अंत झाला. अवघ्या दोन वर्षांनी, १९०० साली, वॉल्टर रीड यांच्या मंडळाने त्याच हवानामध्ये सिद्ध केले की पीतज्वर दूषित हवेने पसरत नाही. तो डासांमुळे पसरतो.

दरम्यान कायद्याने आपले पाऊल टाकले होते. न्यूयॉर्क व ब्रुकलिनसाठी १८८१ मध्ये झालेल्या कायद्याने प्लंबरांची नोंदणी आणि नळयोजनेच्या आराखड्यांना आरोग्य मंडळाची संमती बंधनकारक केली. पुढे अनेक शहरांनी प्रत्येक ट्रॅपला स्वतंत्र वायुनळी असलीच पाहिजे असे नियम केले. त्यामुळे घरबांधणीचा खर्च वाढला. बिडाच्या नळांचे जोड डांबरी ताग ठासून त्यावर वितळलेले शिसे ओतून करावे लागत. शिशाच्या नळांचे जोड कापडाने पुसून गोलाकार घडवणे हे तर वर्षानुवर्षांच्या उमेदवारीने येणारे कसब होते. नळ्या जितक्या अधिक, तितके कुशल कारागिराचे काम अधिक. नियमांच्या कडकपणात आरोग्याची चिंता किती आणि व्यावसायिक हितसंबंध किती, असा प्रश्न समकालीनांनाही पडला होता.

रॉबर्ट कॉख यांनी १८८३-८४ मध्ये, आधी इजिप्तमध्ये व नंतर कलकत्त्यात, कॉलऱ्याच्या जंतूचा शोध लावल्यावर दूषित हवेच्या सिद्धान्ताचा पाया खचत गेला. प्रॉव्हिडन्स शहराचे आरोग्याधिकारी चार्ल्स चॅपिन यांनी १९१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात, संसर्ग मुख्यतः माणसाकडून माणसाकडे जातो आणि घाणीच्या दर्पाला रोगाचे मूळ मानणे चुकीचे आहे, असे ठामपणे मांडले. तर्कशुद्ध विचार केला तर आता माळ्यावरील नळी अनावश्यक ठरावयास हवी होती. तसे झाले नाही. दुर्गंधी कोणालाच नको होती, गटारातील काही वायू ज्वलनशील तर काही विषारी असतात, आणि ट्रॅप रिकामा झाला की कीटकांनाही वाट मिळते. मूळ समर्थन गेले तरी साधनाची गरज उरली. मात्र ती नेमकी किती, हे आता भयाने नव्हे तर मोजमापाने ठरवावे लागणार होते.

हे काम वॉशिंग्टन येथील नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्स या संस्थेत झाले. पहिल्या महायुद्धानंतर घरांची टंचाई होती आणि शहराशहरांतील परस्परविरोधी नियमांमुळे बांधकाम महाग होत होते. तत्कालीन वाणिज्य मंत्री हर्बर्ट हूव्हर यांनी बांधकाम नियमावलीसाठी समिती नेमली. तिच्या नळयोजनाविषयक उपसमितीचे अध्यक्ष हार्वर्डचे प्राध्यापक जॉर्ज व्हिपल होते. उपसमितीने १९२३ मध्ये किमान आवश्यकतांचा जो अहवाल पूर्ण केला तो पुढे ‘हूव्हर कोड’ या नावाने ओळखला गेला. त्यासाठी रॉय हंटर यांनी उभ्या नळांतून पाणी सोडून ट्रॅपमधील दाबाचे प्रत्यक्ष प्रयोग केले. किती बेसिनांना किती व्यासाची नळी पुरेल, कोठे दोन वायुनळ्या एक करता येतील, याची उत्तरे प्रथमच आकड्यांत मिळू लागली. हंटर यांनी १९४० मध्ये मांडलेली, घरातील सर्व साधने एकाच वेळी वापरली जाण्याची संभाव्यता हिशेबात घेणारी पद्धत जगभरच्या नियमावल्यांचा आधार ठरली. आज माळ्यावर अनेक नळ्या एकत्र येऊन एकच नळी छपराबाहेर जाताना दिसते, तिच्या मागे या प्रयोगांची परंपरा आहे.

बिडाकडून प्लास्टिककडे

नळीचा आकार व मांडणी अशी निश्चित होत असतानाच तिचे द्रव्य बदलण्याची तयारी दुसरीकडे होत होती. व्हिनिल क्लोराइड हा वायू फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ आन्री व्हिक्तोर रेन्यो याने १८३५ साली तयार केला. त्यापासून पांढरा घन पदार्थ बनतो हे जर्मन शास्त्रज्ञ ऑयगेन बाउमान याने १८७२ मध्ये नोंदवले. फ्रिट्झ क्लाटे याने १९१३ च्या सुमारास त्याच्या निर्मितीचे पेटंट मिळवले, परंतु त्या ठिसूळ पदार्थाचा फायदेशीर उपयोग सापडला नाही. अमेरिकेत वाल्डो सेमन याने १९२६ मध्ये तो मऊ करण्याची युक्ती शोधली आणि पीव्हीसी हे नाव व्यापारात रूढ झाले. कडक पीव्हीसीचे नळ मात्र प्रथम जर्मनीत, १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात वापरात आले. पुढे युद्धकाळातील धातूंच्या टंचाईने त्यांचे महत्त्व वाढवले.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत उपनगरांची जी लाट आली तिला वेगाने व कमी खर्चात उभी राहणारी घरे हवी होती. १९५० च्या दशकाच्या अखेरीस एबीएस या काळ्या प्लास्टिकचे निचऱ्याचे नळ घरांत येऊ लागले आणि त्यांच्यापाठोपाठ पांढरे पीव्हीसी. या बदलाचे कारण वजनाच्या आकड्यांत स्पष्ट दिसते. चार इंच व्यासाचा दहा फूट लांबीचा बिडाचा नळ सुमारे ३३ किलो भरतो, तर तेवढाच जाड भिंतीचा पीव्हीसी नळ सुमारे ९ किलो. माळ्यावर वाकून, तुळयांवर गुडघे टेकून काम करणाऱ्या माणसाच्या दृष्टीने हा फरक निर्णायक आहे. शिवाय शिसे वितळवण्याची भट्टी नको, ताग ठासणे नको. करवतीने कापावे, कडा घासावी, पीव्हीसीला आधी प्रायमर व मग द्रावक लावून नळ जोडणीत सारावा व किंचित फिरवावा. दोन पृष्ठभाग एकमेकांत विरघळून काही मिनिटांत जोड पक्का होतो.

वरकरणी सोप्या वाटणाऱ्या या कृतीने एका जुन्या कारागिरीचे महत्त्व संपवले. प्लंबरांच्या संघटनांनी अनेक शहरांत प्लास्टिकला विरोध केला. त्यात रोजगाराची चिंता होती, तशी आगीची रास्त शंकाही होती. पीव्हीसीच्या वजनात सुमारे ५७ टक्के क्लोरीन असते आणि ते जळताना हायड्रोजन क्लोराइड हा दाहक वायू सोडते. वितळलेल्या नळाच्या भोकातून आग एका मजल्यावरून दुसऱ्यावर जाऊ शकते. म्हणूनच नळ जेथे अग्निरोधक भिंत किंवा तक्तपोशी भेदतो तेथे आग अडवणारे कडे बसवण्याचे नियम झाले. न्यूयॉर्क शहराने निचऱ्याच्या प्लास्टिक नळांना पाच मजल्यांपर्यंतच्या निवासी इमारतींचीच मर्यादा घातली. म्हणजे एकाच देशात एका शहराचा माळा पांढऱ्या नळांचा, तर दुसऱ्याचा बिडाच्या नळांचा, असे चित्र दीर्घकाळ राहिले.

माळ्यावर प्लास्टिकच्या स्वभावाचीही परीक्षा होते. उन्हाळ्यात बंद माळ्याचे तापमान ६० अंश सेल्सिअसच्या आसपास जाऊ शकते आणि हिवाळ्यात ते गोठणबिंदूखाली उतरते. पीव्हीसीचे प्रसरण बिडाच्या सुमारे पाचपट असते. दहा मीटर लांबीच्या नळाच्या तापमानात ४० अंशांचा फरक पडला तर त्याची लांबी सुमारे २२ मिलिमीटरने बदलते. त्याला हालचालीस वाव न देता तुळईला घट्ट जखडले तर तो वाकतो, कुरकुरतो, प्रसंगी जोडातून निसटतो. अतिथंड प्रदेशांत नळीच्या तोंडाशी दमट हवेचे बर्फ साचून ती बुजते. म्हणून तेथे छपरातून बाहेर पडणाऱ्या नळीचा व्यास मोठा ठेवतात आणि माळ्यातील भागाला उष्णतारोधक वेष्टन देतात. एबीएस आणि पीव्हीसी यांचे द्रावक वेगळे असल्याने दोन्ही नळ सरसकट एकमेकांना चिकटवणे हाही दोष मानला जातो. जुन्या घराच्या माळ्यावर बिडाचा खुंट, त्यावर रबरी पट्ट्याने जोडलेले काळे एबीएस आणि त्यापुढे नंतरच्या दुरुस्तीचे पांढरे पीव्हीसी असा क्रम पाहावयास मिळतो. इतिहासकाराने हा क्रम उत्खननातील थरांप्रमाणे वाचावा.

स्वस्ताईची किंमत

प्लास्टिकमुळे निरोगी घर स्वस्त झाले हे खरे आहे; पण ही किंमत कोठे व कोणी चुकती केली याचाही विचार झाला पाहिजे. जानेवारी १९७४ मध्ये केंटकी राज्यातील लुइव्हिल येथील बी. एफ. गुडरिच कंपनीने जाहीर केले की, तिच्या पीव्हीसी कारखान्यातील कामगार यकृताच्या एका अत्यंत दुर्मीळ कर्करोगाने दगावले आहेत. ज्या टाक्यांत व्हिनिल क्लोराइडचे पीव्हीसी होई त्यांच्या आत उतरून भिंतींना चिकटलेला थर खरवडून काढणे हे तेथील कामगारांचे काम होते. त्याच वर्षी अमेरिकन शासनाने कामाच्या जागी या वायूची मर्यादा हवेच्या दशलक्ष भागांत ५०० भागांवरून एका भागावर आणली. तयार नळ आणि तो वायू यांचे धोके एक नव्हेत, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. परंतु घरातील हवा शुद्ध राखणाऱ्या नळीसाठी कारखान्यातील हवा विषारी झाली होती, ही वस्तुस्थिती नजरेआड करता येत नाही. ३ फेब्रुवारी २०२३ रोजी ओहायो राज्यातील ईस्ट पॅलेस्टाइन येथे रुळांवरून घसरलेल्या मालगाडीत व्हिनिल क्लोराइडचे पाच टँकर होते. स्फोटाच्या भीतीने ६ फेब्रुवारीस तो वायू जाणूनबुजून जाळण्यात आला आणि आसपासच्या रहिवाशांना घरे सोडावी लागली. या घटनेने जुना प्रश्न पुन्हा समोर आणला.

दुसरा धडा ग्राहकांना मिळाला. १९७८ पासून लाखो अमेरिकन घरांत पाणीपुरवठ्यासाठी पॉलिब्युटिलीन या प्लास्टिकचे राखाडी नळ बसवले गेले. अनेक घरांत ते माळ्यावरूनही नेलेले होते. पाण्यातील क्लोरीनमुळे नळ व त्यांच्या जोडण्या आतून ठिसूळ होऊन फुटू लागल्या. १९९५ मध्ये टेनेसी येथील न्यायालयात सुमारे ९५ कोटी डॉलरच्या भरपाईची तडजोड झाली आणि ते उत्पादन थांबले. सर्व प्लास्टिके सारखी नसतात आणि नव्या द्रव्याची खरी कसोटी त्याच्या विक्रीत नसून त्याच्या वार्धक्यात असते, हे या प्रकरणाने दाखवले.

जलबंध सुकतो तेव्हा

गटारवायूची भीती ही विसाव्या शतकाने मागे टाकलेली अंधश्रद्धा होती, असे म्हणावे तर २००३ सालची हाँगकाँगची घटना आडवी येते. तेथील अमॉय गार्डन्स या वसाहतीत सार्स रोगाचा उद्रेक होऊन तीनशेहून अधिक रहिवासी बाधित झाले. तपासात न्हाणीघरांच्या जमिनीतील निचऱ्याच्या ट्रॅपकडे लक्ष वेधले गेले. जमीन पाण्याने धुण्याऐवजी पुसण्याची सवय असल्याने अनेक ट्रॅप सुकले होते. दाराआडच्या पाच सेंटिमीटर पाण्याची भिंत नाहीशी झाली होती आणि न्हाणीघरातील पंखे चालू झाले की उभ्या नळातील हवा, तीत तरंगणाऱ्या दूषित थेंबांसह, घरात ओढली जात असावी असा निष्कर्ष निघाला. चॅडविकचा सिद्धान्त यामुळे खरा ठरत नाही. परंतु नळातील हवा कधीच रोगवाहक नसते हे प्रतिपादनही आता तितक्या निःशंकपणे करता येत नाही. इतिहासात टाकून दिलेल्या कल्पनांतही निरीक्षणाचा अंश असतो, याचे हे उत्तम उदाहरण होय.

महाराष्ट्राच्या संदर्भात

अमेरिकन माळा आपल्याकडे नाही, पण कोरडी नळी आहे. न्यूयॉर्कप्रमाणे मुंबईतही पाणी आधी आले. विहार तलावाचे पाणी १८६० मध्ये शहराला मिळाले आणि निचऱ्याचा प्रश्न त्यानंतर अधिकच बिकट झाला. जुन्या इमारतींच्या मागील हाऊस गल्लीत आजही भिंतीबाहेरून वर गेलेले बिडाचे नळ दिसतात. अमेरिकेत कडाक्याच्या थंडीमुळे जे भिंतीआड व माळ्यावर नेले, ते आपल्या हवामानाने उघड्यावर ठेवू दिले. न्हाणीच्या ट्रॅपसाठी भारतीय अभियांत्रिकीच्या इंग्रजीत ‘नहाणी ट्रॅप’ हाच शब्द रूढ आहे; आपल्या घरातील एक शब्द तांत्रिक परिभाषेत गेला, ही नोंद भाषेच्या अभ्यासकांनी घ्यावी अशी आहे. इमारतींतील मैला व सांडपाण्यासाठीच्या पीव्हीसी नळांचे भारतीय मानक १९९२ मध्ये आले. पीव्हीसी नळांतील शिशाचा वापर रोखण्यासाठी केंद्र शासनाने २०२१ मध्ये नियम केले.

ग्रामीण व निमशहरी महाराष्ट्रात शौचालयाच्या टाकीवरील जी नळी ‘गॅस पाईप’ म्हणून ओळखली जाते, ती याच कुळातील आहे. तिच्या तोंडाला जाळी किंवा कापड बांधण्याचे आवाहन आरोग्य विभाग करीत असतो, कारण टाकीतील घाण पाण्यात क्युलेक्स जातीचे, हत्तीरोगाचा प्रसार करणारे डास वाढतात व त्या नळीतून बाहेर पडतात. येथे वेअरिंगचे स्मरण झाल्याशिवाय राहत नाही. ज्याने रोग हवेतून येतो असे मानून नळ्या छपरावर नेल्या तो डासाने पसरवलेल्या रोगाने गेला. आणि आज त्याच जातीच्या नळीला डासासाठी जाळी बांधावी लागते.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. पहिला, माळ्यावरील वायुनळी चुकीच्या सिद्धान्ताच्या आधारे सार्वत्रिक झाली, पण मोजमापाच्या आधारे टिकली. साधनाचे मूल्य त्याच्या जन्मकथेवरून नव्हे, तर त्याच्या कार्यावरून ठरते. दुसरा, प्लास्टिकने हे साधन सामान्य कुटुंबाच्या आवाक्यात आणले, परंतु त्याचा भार कारागीर, कारखान्यातील कामगार आणि रेल्वेमार्गालगतचे रहिवासी यांच्यावर पडला. स्वच्छतेच्या इतिहासात हा हिशेब मांडला गेला पाहिजे. तिसरा, जे साधन डोळ्यांआड असते त्याची निगा केवळ नियम, तपासणी आणि जाण यांच्यावरच अवलंबून असते. बंद सदनिकेतील सुकलेला ट्रॅप, माळ्यातच तोंड उघडे सोडलेली नळी किंवा जाळी नसलेला गॅस पाईप हे दोष क्षुल्लक वाटतात; त्यांचे परिणाम क्षुल्लक नसतात.

शहरांचा इतिहास शिकवताना आपण विद्यार्थ्यांना मोहेंजोदडोच्या गटारांचे चित्र आवर्जून दाखवतो. त्याच तासाला त्यांना महाविद्यालयाच्या गच्चीवर नेऊन तेथील उघड्या तोंडाची नळी दाखवावी आणि ही कशासाठी, असे विचारावे. उत्तर शोधताना घड्याळजी, युवराज, अभियंता, कामगार आणि डास या सर्वांची गाठ त्यांना पडेल.